जपानी तलवारीची कता, आमचा आखाडा आणि समोर उभा राहणारा माणूस

जपानात तलवारीच्या चारशे-पाचशे वर्षं जुन्या शाळा अजून चालू आहेत असं गावात कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मंग ते लढतेत कोनासंग?" अगदी बरोबर प्रश्न आहे. कोणासोबतच लढत नाहीत. दोघं जण समोरासमोर उभे राहतात, हातात लाकडाची तलवार, आणि आधी कोण मारणार, दुसरा कोणत्या पायाने सरकणार, शेवटी कोणाची तलवार कुठे जाऊन थांबणार हे सगळं ठरलेलं असतं, त्यांच्या जन्माच्या कितीतरी पिढ्या आधी ठरलेलं, आणि मग तेच आज, तेच उद्या, तेच म्हातारे होईपर्यंत. याला कता म्हणतात. कराटे क्लासच्या पोरांनी काता ऐकलं असेल, तेच, फक्त तलवारीत ती खूपदा जोडीने करतात. आणि हे जोडीने करणं हाच आजचा विषय आहे, कारण मला दिवसेंदिवस पक्कं वाटायला लागलंय की जपानी लोकांची तलवार वाचली ती समोर उभं राहून मार खाणाऱ्या माणसामुळे, आणि आमच्या आखाड्यात जे हरवलं ते तोच माणूस राहिला नाही म्हणून हरवलं.

थोडी ओळख देतो. मी दर्यापूर तालुक्यातला, खारपाणपट्ट्यातलं गाव, पऱ्हाटी, तूर, हरभरा. मधे काही वर्षं कंपनीच्या कामाने जपानात नागोयाला होतो, तिथे संध्याकाळी म्युनिसिपालटीच्या व्यायामशाळेत केंदो (बांबूच्या तलवारीने खेळायची तलवारबाजी) आणि इआइदो (म्यानातून तलवार काढायची विद्या) शिकलो. आता वापस गावात आहे, शेती पाहतो. निघायच्या आधी आमच्या म्हाताऱ्या सेन्सेईंनी, म्हणजे गुरुजींनी, सांगितलं होतं की विसरू नये म्हणून करत राहा, पण शिकवायचा बोर्ड लावू नको, तुझी अजून ती पायरी नाही. ते मी पाळतो. गावात जपानी तलवार कोणाला शिकवत नाही. घरी पुतणीसोबत केंदोच्या कता करतो, त्या छापील आहेत, जगजाहीर आहेत, आणि मला समोर कोणीतरी लागतं म्हणून. जुन्या शाळांच्या कता मला येत नाहीत आणि त्या मी करतही नाही, त्या फक्त पाहिल्यात.

पण काय पाहिलंय! दर ३ नोव्हेंबरला टोकियोत मेइजी जिंगू या देवस्थानात जुन्या शाळा येऊन आपल्या कता देवासमोर करून दाखवतात. तिथे सगळ्यात आधी कान जातात, लाकडावर लाकूड बसल्याचा आवाज, कोरडा, एकदम टणक. कातोरी शिंतो-र्‍यूचे (र्‍यू म्हणजे शाळा) लोक आले की तो आवाज थांबतच नाही, कारण त्यांच्या कता फार लांब, वारावर वार, वारावर वार, बघणारा दमून जातो. ही शाळा पंधराव्या शतकातली, ईझासा इएनाओ नावाच्या योद्ध्याने कातोरीच्या देवस्थानाजवळ काढलेली, आणि १९६० मधे चिबा प्रांताच्या सरकारने तिला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तिथे प्रवेश घेताना आजही रक्ताने शपथ घ्यायची पद्धत आहे, शिकलेलं बाहेर सांगणार नाही, दाखवणार नाही अशी.

आता या लांब कतांची गंमत अशी की बघणाऱ्याला वाटतं दोघं एकमेकांच्या तलवारीवर तलवारी आपटतायत. खरं म्हणजे जिथे तलवारीला तलवार लागते तिथे मुळात अंग असतं. मनगटाची आतली बाजू, मान, काख, म्हणजे चिलखतात जिथे जिथे फट असते ती जागा. समोरचा मधे आपली तलवार आणतो म्हणून सराव करता येतो, नाहीतर रोज एक जण मेला असता. आणि बाहेरच्याला खरी जागा कळत पण नाही. म्हणजे तुम्ही कितीही चांगल्या कॅमेऱ्याने शूट करा, मोबाईलवर स्लो मोशन करून बघा, तुम्हाला दिसेल ते झाकण. खालचं भांडं शिकवणारा उघडून दाखवतो, आणि तेही दहा-पंधरा वर्षं समोर उभं राहिल्यावर.

जुन्या गुंडाळ्या आहेत बरं का. जपानी शाळांमधे शिक्षण पूर्ण झालं की गुरू कागदाची गुंडाळी देतो, तिच्यात कतांची यादी असते. आपण वाचायला गेलो तर हाती काय लागतं, तर नावं. अमुक नावाची कता, तमुक नावाची कता, बस. ज्याने केली आहे त्याला नाव वाचून सगळं आठवतं, ज्याने केली नाही त्याच्यासाठी ती नुसती नावांची यादी. अशा किती शाळा असतील ज्यांच्या गुंडाळ्या शाबूत आहेत आणि शाळा संपली. शेवटचा माणूस गेला की गेली.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय या माणसांची चिकाटी कळत नाही. १६०० मधे सेकिगाहाराची लढाई झाली, तोकुगावा घराणं वर आलं, आणि नंतर जवळजवळ अडीचशे वर्षं देशात शांतता. तलवार कमरेला आहे पण लढाई नाही. मग लढाईत कमावलेलं ज्ञान टिकवायचं कसं, तर कतेत. अठराव्या शतकात बांबूची सरावाची तलवार, म्हणजे शिनाइ, आणि अंगावरचं संरक्षण येऊन खुल्ला सामना खेळायची पद्धत वाढली, आणि तेव्हापासून भांडण चालू आहे की नुसत्या कता करणारे नाच करतात, आणि सामनेवाले म्हणजे नुसती टोलवाटोलवी. दोन्हीकडे तथ्य आहे. मी केंदोचे सामने पण खेळलोय आणि सामन्यात जे अंगात येतं, ती भीती, ती घाई, ते कतेत आपोआप येत नाही हे मला माहीत आहे. पण सामन्यात माणूस पॉइंट मिळेल तेच मारायला लागतो, बाकीचे हात आपोआप गळून पडतात. कतेत न आवडणारा हात पण करावाच लागतो. वारसा टिकवायचा म्हटलं तर माझं मत कतेच्या बाजूने आहे, आणि ते बदलेल असं वाटत नाही.

मग १८६८ ला मेइजी सरकार आलं आणि १८७६ ला हुकूम निघाला, यापुढे कमरेला तलवार लावायची नाही. (दोनच वर्षांनी, १८७८ ला, इंग्रजांनी आपल्याकडे आर्म्स अ‍ॅक्ट आणला. दोन्ही तारखा मी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवल्यात. त्यांच्याकडे आपल्याच सरकारने तलवार काढून घेतली, आपल्याकडे परक्याने.) हजारो सामुराई आधीच बेकार झाले होते. तेव्हा साकाकिबारा केंकिची नावाचा मोठा तलवारबाज, जिकिशिंकागे-र्‍यूचा, त्याने १८७३ मधे टोकियोत तिकीट लावून तलवारबाजीचे खेळ सुरू केले. गर्दी झाली म्हणतात, तुफान. लोकांनी नावंही ठेवली, विद्येचा तमाशा केला म्हणून. मला त्या माणसाचा राग येत नाही. पोटाला लागतं, आणि त्या दिवसात तलवार लोकांच्या डोळ्यासमोर राहिली ती त्याच्यामुळे. पण तिकिटासाठी जे दाखवलं जातं ते आणि बंद दाराआड जोडीने जे केलं जातं ते वेगळं, आणि नंतरच्या पिढ्यांना जे मिळालं ते या बंद दाराआडचं मिळालं.

पुढे १८९५ मधे क्योटोत बुतोकुकाइ ही संस्था निघाली, आणि १९१२ मधे वेगवेगळ्या शाळांच्या मोठ्या उस्तादांनी एकत्र बसून सगळ्या देशासाठी सामाईक कता ठरवल्या, सात मोठ्या तलवारीच्या आणि तीन छोट्या तलवारीच्या, एकूण दहा. त्याच मी करतो. दुसरं महायुद्ध हरल्यावर अमेरिकन ताब्यात या सगळ्यावर बंदी आली, १९५२ मधे केंदोची राष्ट्रीय संघटना उभी राहिली तेव्हा परत सुरू झालं. मधल्या काळात घरात, अंगणात लोक करत होतेच.

आता त्या दहापैकी पहिली कता नीट सांगतो, कारण माझा मुद्दा तिच्यातच आहे.

दोघांचीही तलवार डोक्यावर. एकाला उचिदाची म्हणतात, दुसऱ्याला शिदाची. तीन पावलं पुढे येतात, अंतर बसतं. उचिदाची उजवा पाय टाकून "या" असा आवाज काढत सरळ टाळूवर मारतो, आणि मारताना त्याचा इरादा असा पाहिजे की समोरच्याने डोक्यावर धरलेली मूठसुद्धा डोक्यासकट चिरायची. शिदाची डाव्या पायाने मागे सरकतो आणि हातही मागे ओढतो, कारण नुसतं डोकं वाचवून उपयोग नाही, हात तिथेच राहिले तर बोटं गेली. उचिदाचीची तलवार हवा कापत खाली जाते, अंग पुढे झुकतं, आणि तेवढ्यात शिदाची उजवा पाय टाकून "तो" म्हणत त्याच्या टाळूवर. टाळूच्या जरासं वर तलवार थांबते. मग टोक खाली येतं, बरोबर त्याच्या दोन डोळ्यांच्या मधे, आणि उचिदाची मागे सरकायला लागला की शिदाची डावा पाय पुढे टाकून तलवार परत डोक्यावर घेतो, की तू हललास तर मी अजून आहे. एवढीच आहे. पाणी प्यायला लागतो तेवढ्या वेळात संपते.

कोण जिंकलं? शिदाची. आणि शिदाची कोण असतो? शिकणारा. लहान. हरणारा उचिदाची म्हणजे गुरू, किंवा वयाने-विद्येने मोठा. मी जेव्हा पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं गुरुजी मारून दाखवतील आणि मी मार खाईन. उलटं होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस रोज संध्याकाळी येऊन नवशिक्या पोरांच्या हातून मरायचा, एकाच्या हातून, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या, आणि प्रत्येक वेळी पहिला वार खरा करायचा. खरा म्हणजे, मी सरकलो नाही तर माझ्या कपाळावर बसेल असा. मी घाबरून आधीच सरकलो तर तो मारायचाच नाही, तलवार डोक्यावर तशीच ठेवून माझ्याकडे बघत उभा. मी उशीर केला तर लाकूड कपाळाच्या पुढे येऊन थांबायचं. अंतर तो ठरवणार, वेळ तो ठरवणार, संधी तो उघडून देणार, आणि शेवटी मान पुढे करणार. हे सगळं त्याला जितकं चांगलं येतं तितका समोरचा शिकतो. लोक शिदाचीचे फोटो काढतात कारण तो जिंकताना दिसतो, कता मात्र उचिदाचीच्या हातात असते.

इत्तो-र्‍यू म्हणून एक शाळा आहे, तिच्या ओनो-हा शाखेत उचिदाची हातात भले जाड हातमोजे घालतो, हरणाच्या कातड्याचे, आत गच्च भरलेले, ओनिगोते म्हणतात त्यांना. कशासाठी, तर शिकणाऱ्याने मनगटावर खरंच मारावं म्हणून. थांबवायचं नाही, मारायचं. आणि सोळाव्या शतकात कामिइझुमी नोबुत्सुना या उस्तादाने बांबू चिरून कातड्याच्या पिशवीत घातलेली तलवार काढली, तीही त्याचसाठी, समोरच्याला जीव लावून मारता यावं आणि तो उद्या परत यावा. १५६५ मधे त्याने याग्यू मुनेयोशीला आपली विद्या सोपवली, त्या घराण्याची एक शाखा पुढे १६१५ च्या सुमारास नागोयाच्या तोकुगावांकडे गेली आणि आजही नागोयात ती शाळा चालू आहे. चारशे वर्षांच्या वर एकाच शहरात. मधे लढाया, बंदी, बॉम्बहल्ले सगळं झालं. कोणीतरी मोठा कोणातरी लहानाच्या समोर उभा राहत गेला, दुसरं काही कारण मला दिसत नाही.

आपल्याकडे नवा गोऱ्हा औताला शिकवायचा असला की त्याला जुन्या जाणत्या बैलासोबत जुंपतात, वजन कधी सोडायचं, कधी ओढायचं हे तो जुनाच सांभाळतो, तसंच आहे हे.

आता आखाड्याकडे येतो.

आमच्या गावचा आखाडा जुना आहे, मारुतीच्या देवळामागे. आमच्या वस्तादांचे वस्ताद अमरावतीला हनुमान आखाड्यात शिकून आले होते, म्हणजे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९१४ चं, वैद्य बंधूंनी काढलेलं, ज्यांची टीम १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळेस जर्मनीत जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली. तर तिथून हे लाठी, बनेठी, पट्टा, फरी-गदगा असं सगळं गावात आलं. आजही गणपती विसर्जनाला आमचे पोट्टे उतरतात तेव्हा आजूबाजूच्या गावचे लोक ट्रॅक्टर करून बघायला येतात. पट्ट्याने जमिनीवरचं लिंबू कापतात, दोन्ही टोकं पेटवून बनेठी फिरवतात, डफ आणि ताशा चालू असतो, अंगावर काटा येतो खरंच. २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला तेव्हापासून तर उत्साह अजून वाढलाय आणि मला त्याचा आनंदच आहे.

पण नीट बघितलं तर सगळं एकट्याचं आहे. एक पोरगा मधे, बाकी गोल करून बघणारे. लिंबू पलटून मारत नाही. फरी-गदगा, ज्यात डाव्या हातात कातड्याची छोटी ढाल, म्हणजे फरी, आणि उजव्या हातात कातडं मढवलेली काठी घेऊन दोघं जण एकमेकांना भिडतात, तो गावात माझ्या लहानपणीच बंद झाला होता. का बंद झाला, तर मिरवणुकीत दिसत नाही म्हणून. गर्दीत लांबून दोन माणसं काय करतायत ते कळत नाही, बनेठीची आग मात्र चौकाच्या पलीकडून दिसते. कोणी ठरवून बंद केला नाही, दरवर्षी थोडा थोडा कमी झाला. फरी होती ती उंदरांनी खाल्ली.

वस्ताद अजून आहेत, ऐंशीच्या पुढे. मी जपानवरून आलो तेव्हा त्यांच्याकडे वही पेन घेऊन गेलो की वस्ताद, फरी-गदग्याचे जोडीचे हात सांगा, लिहून ठेवतो. त्यांनी नावं सांगितली, शिर, तमाचा, बाहेरा, आणखी काही. पुढे काय म्हटलं की गप्प. आठवायचा प्रयत्न करायचे, हात हवेत थोडा फिरवायचे, आणि मग म्हणायचे "मले सांगता नाई येत बाप्पू, इसरलो आता." माझ्या वहीत जपानी गुंडाळीसारखी नावांची यादी तयार झाली आणि खाली कोरं पान.

मग एक दिवस मी आखाड्यातला एक पोरगा सोबत नेला, बारावीतला, चांगला चपळ. त्याला काठी दिली आणि वस्तादांना म्हटलं की तुमी बसूनच राहा, हा फक्त शिर मारते, तुमी अडवा. वस्तादांनी खांद्यावरचा दुपट्टा डाव्या हाताला गुंडाळला, फरीच्या जागी. पोराने हळूच, जपून काठी आणली. काहीच नाही झालं, हात जागचा हलला नाही. परत आणली, तसंच. वस्ताद चिडले. "असा कायले मारतं बे, देव्हाऱ्यावर फूल ठेवून रायला का? डोस्क्यावर मार. मी हावो ना अडवाले." आणि खाटेवरून उठून उभे राहिले. त्यांची सून आतून ओरडली, "मामंजी, पडसान!" त्यांनी तिकडे पाहिलंच नाही.

पोराने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्याने खरा वार टाकला.

दुपट्ट्याचा हात असा वर गेला की मी बघतच राहिलो. कोपर आतमधे वळलेलं, पंजा थोडा तिरपा, म्हणजे काठी अडत नाही, घसरून बाहेर जाते, आणि त्याच वेळेला डावा पाय तिरपा पुढे पडलेला, आणि उजव्या हातात काहीच नसताना तो हात पोराच्या गालाजवळ जाऊन थांबलेला. तमाचा. पुढचा हात! वस्तादांना जो आठवत नव्हता, तोच. मी म्हटलं वस्ताद, तुमी पाय टाकला तिरपा. ते म्हणाले, "पाय? म्या काई पाय नाई टाकला." त्यांना खरंच माहीत नव्हतं. पाय त्यांच्या डोक्यात नव्हताच, तो फक्त समोरून खरा वार आला की निघत होता.

तो पाय मला दिसला कारण नागोयात काही वर्षं माझ्या पायावरून मी बोलणं खाल्लंय. जपानी कतेचा आमच्या आखाड्याला उपयोग झाला तो एवढाच, आणि तो पुरेसा आहे. मी एकही जपानी हात आखाड्यात घुसवलेला नाही आणि घुसवू देणार नाही. पवित्रा आपला, हात आपले, नावं आपली. घेतली ती फक्त रीत, की मोठ्याने मारायचं, खरं मारायचं, आणि ठरलेल्या जागी लहानाच्या हातून हरायचं.

तेव्हापासून त्यांच्याकडे जायचं असलं की एक मारणारा सोबत असतो. एक वार, एक उत्तर, मोबाईलवर रेकॉर्डिंग पण करतो, पण रेकॉर्डिंगवरून कोणी शिकायचं नाही असा नियम आहे, ते फक्त भांडण झालं तर बघायला. ज्याच्यावर वस्तादांनी हात केला त्याने घरी जायच्या आधी तो दुसऱ्या पोरावर करायचा, म्हणजे एका अंगातून दुसऱ्या अंगात लगेच जातो. काही जोड्या पूर्ण सापडल्या, काही अर्ध्यात तुटतात, तिसऱ्या वारानंतर वस्तादांचा हात थांबतो आणि तिथे जबरदस्तीने काही जोडायचं नाही हे आम्ही ठरवलंय. तुटलेलं तुटलेलं म्हणूनच शिकवतो. जपानातल्या जुन्या शाळांमधली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते, आपल्या अकलेने दुरुस्ती करायची नाही, निदान पूर्ण शिकल्याशिवाय तरी नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते मोठ्या पोट्ट्यांना हरायला लावणं. विसर्जनाचे हिरो आहेत ते, गावात नाव आहे. त्यांना म्हटलं की तू सातवीतल्या पोराला शिर मार, आणि त्याचा तमाचा तुझ्या गालावर येऊ दे, तर चेहरे पडले. एक जण तर बरेच दिवस आलाच नाही. मी दोनदा घरी गेलो, नाही आला. शेवटी वस्तादांनी निरोप धाडला, "त्याले म्हना तू मारत नाई त थे पोट्टं शिकनच नाई, अन् मी काई लय दिवसाचा नाई." आला. आज आखाड्यात त्याच्यासारखा वार टाकणारा दुसरा नाही. वार सरळ, दचकवणारा, आणि लहान पोराचा हात बरोबर बसेपर्यंत तो जागा सोडत नाही. परवा एका पोराचा तमाचा चुकून खरंच कानाखाली बसला, तर याने कान चोळत म्हटलं, "हां, आता बसला, परत मार."

घरी पुतणीसोबतच्या कता चालूच आहेत. जपानवरून आणलेल्या दोन लाकडी तलवारींपैकी एक चिरली, ती पांढऱ्या ओकची होती, मग गावातल्या वाढयाकडून धावड्याची बनवून घेतली, कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी त्याने ठेवलेलं लाकूड होतं. बाक नीट यायला त्याने दोन दिवस घेतले, मूळ तलवार शेजारी ठेवून परत परत हात फिरवून बघायचा. ओकपेक्षा जड आहे पण मनगट सवय करून घेतं. पुतणी शिदाची असते, मी उचिदाची, कारण मी मोठा आहे. पहिल्या कतेत तिच्या टाळूवर मारताना सुरुवातीला माझा हात आपोआप बाजूला जायचा, काका आहे ना, पोरीच्या डोक्यावर लाकूड कसं आणायचं. तिनेच टोकलं, काका तुमी तिकडे मारता तर मी सरकू कायले? तेव्हापासून सरळ मारतो. आता ती कॉलेजवरून आली की आखाड्यातही जाते आणि फरी-गदग्यात सहावी-सातवीच्या पोरांवर वार टाकते. आखाड्यात याआधी मुली नव्हत्या, त्यावरून थोडी कुजबुज झाली, वस्तादांनी तिचा एक वार स्वतःच्या हातावर घेतला आणि विषय संपला.

पुढचं काम बोथाटीचं आहे. वस्ताद म्हणतात त्यांच्या वस्तादांसोबत त्यांनी पट्टा विरुद्ध बोथाटी अशी जोडी केलेली आहे, भाल्यासारख्या लांब काठीने समोरचा भोसकायला येतो आणि पट्टेवाला आत शिरतो. त्यातलं त्यांना शब्दाने काही म्हणजे काही सांगता येत नाही, म्हणजे बहुतेक ते सगळं अंगात असणार. पोळा झाला की वेळू तोडून बोथाटी बनवतो, टोकाला चिंध्यांचा गोळा, आणि पट्ट्याऐवजी त्यांच्या हातात हलकी काठी, कारण पट्टा आता त्यांना पेलवत नाही. डॉक्टरांनी जास्त उभं राहू नका सांगितलंय, म्हणून मागे एक जण पकडायला उभा राहील, त्यांच्या नातवानेच मी राहतो म्हटलंय.

आणि एक विनंती. अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वर्धा, कुठल्याही गावात तरुणपणी फरी-गदग्याची किंवा लाठीची जोडी खेळलेलं जुनं माणूस असेल, आजोबा असो की आजी, तर कृपा करून कळवा. त्यांना आठवत नाही म्हणून सोडून देऊ नका, विचारून आठवत नाहीच. आम्ही येतो. काठ्या आमच्या, मारणारा पोट्टा आमचा, दुपट्टा पण आणतो. उभं राहणं होत नसेल तर खुर्चीवर बसले तरी चालते.